अर्धा आटा

प्लग काढला. कोरडा.
पंधरा वेळा दोरी ओढूनही कोरडा,
वाळल्या चिंचोक्यासारखा.
मामाला असलं ओरडून सांगत नाही मी,
प्लगचं टोक त्याच्या अंगठ्यावर टेकवते.
तो अंगठा उजेडात धरतो, हुंगतो,
आणि बोटानं टाकी दाखवतो.

एकतीस वर्षं निगमच्या उद्यान खात्यात
याच करवतीनं त्यानं फांद्या उतरवल्या,
आणि तिनं त्याचे कान.
भंगाराच्या लिलावात निघाली तेव्हा नऊशेला घरी आणली.
मामी तीन दिवस बोलली नाही.
त्याला ते चौथ्या दिवशी कळलं.

बाहेर रामबागेत, काल रात्रीच्या वावटळीत
दिघ्रसकरांच्या फाटकावर सुबाभूळ आडवी,
तिच्याखाली स्कूटर, नुसता एक आरसा दिसतोय.
निगम म्हणतं, सोमवारी.
दिघ्रसकर दर दहा मिनिटांनी येतात,
विचारत काही नाहीत, खोकतात.

कार्बोरेटरच्या घशात चार थेंब सोडले:
भडकली, दोन-तीन श्वास, गप्प.
म्हणजे ठिणगी शाबूत आहे,
हिला उपास घडतोय.
वाकवलेल्या तारेनं टाकीतला फिल्टर गळाला लावला,
काळा, बुळबुळीत, मेल्या गोगलगायीसारखा.
पाइप सरळ धरला तर धड,
दुमडला तर कडेला केसाएवढी चीर.
पेट्रोल कसलं, हवाच पीत होती बया.
(आताच्या पेट्रोलातलं इथेनॉल जुनं रबर कुरतडतं.
मामाला हे पाटीवर लिहून दिलं.
त्यानं खाली लिहिलं: रबरच हल्ली तसलं.)

सियागंजला गेले.
हकीमुद्दीन वीतभर पाइप देत नाहीत,
घ्यायचा तर मीटरभर. घेतला.
कार्बोरेटरचा पडदा घेतला:
जुना पापडासारखा वाजत होता,
नवा सायीसारखा.
आतली चिमुकली जाळी हिरव्या राळेनं बुजलेली,
ती सुईनं नाही साफ करायची, ब्रशनं,
सातवीत असताना यासाठी चापट खाल्लीय मी.

लिटरला चाळीस मिली ऑइल, बाटली हलवून.
तिसऱ्या ओढीला सुरू!
दिघ्रसकर खोकायचे थांबले.
भुसा उडाला, पहिला ओंडका पडला,
दुसरा अर्ध्यात, आणि
बाराव्या मिनिटाला ती उगाच किंचाळत वर चढली
आणि मेली.

आता काय बदलायचं राहिलंय?
मी पुन्हा दोरी धरली.
मामानं मनगट धरलं माझं,
दुसरा तळवा टाकीच्या झाकणावर ठेवला,
डोळे मिटले, जणू ताप बघतोय.
मग झाकण अर्धा आटा सैल केलं.
स्स्स्स
मला ऐकू आलं.
त्याला नाही. त्यानं करंगळी ओली करून
कडेला धरली होती:
वारा आत जात होता.

टाकीला एक बारीक नाक असतं,
तेलात भिजलेल्या भुशानं ते चोंदलं होतं.
वरून हवा शिरली नाही
तर टाकी खालून थेंब सोडत नाही.
आम्ही सकाळपासून घसा तपासत बसलो होतो.

मामीनं न मागता पदराची टाचणी काढून दिली.
या वेळी टाचणीच चालली, चापट नाही.

पाच वाजेपर्यंत स्कूटर बाहेर आली,
दुसरा आरसा गेला होता, सीट फाटली होती.
दिघ्रसकर म्हणाले, चालेल हो, चालेल,
आणि किल्ली शोधायला घरात गेले, ते आलेच नाहीत.

मी हातवारे करून विचारलं मामाला:
कसं कळलं?
त्यानं दोन्ही गाल आत ओढून दाखवले,
डोळे बटाट्याएवढे.
मामी हसली, खूप मोठ्यांदा,
आणि त्यानं ते पाहिलं.